कीर्द, खतावणी आणि घोडे

आधीच सांगून टाकतो, या लेखातला 'लेजर' म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतला लेझर किरण नव्हे. हा लेजर म्हणजे खतावणी. पुठ्ठ्याच्या बांधणीची, उभ्या-आडव्या रेघा मारलेली, कोणाकडून किती येणं आणि कोणाला किती देणं हे टिपून ठेवायची वही. आपल्याकडे दुकानाच्या गादीशेजारी लाल कापडात बांधलेली चोपडी असायची, तिचीच ही अमेरिकन बहीण. इथल्या काही संग्रहालयांत अशा जुन्या वह्या जपून ठेवल्या आहेत आणि त्यांतल्या आकड्यांवरून, रकान्यांवरून चक्क घोडे दौडत गेले आहेत! रंगीत पेन्सिलींनी काढलेले, शेपट्या वर बांधलेले घोडे. त्यांच्यावर पिसांचे शिरपेच घातलेले स्वार. आणि खाली कुठेतरी कारकुनाच्या नेटक्या अक्षरातल्या नोंदी. या प्रकाराला इथे 'लेजर आर्ट' म्हणतात.

यातली सगळ्यात गाजलेली चित्रं तुरुंगात काढली गेली. ती कोणी काढली, कशी काढली आणि त्यांचं पुढे काय झालं, ते आज सांगायचा विचार आहे. गोष्ट जरा लांब आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

फ्लोरिडात सेंट ऑगस्टीन नावाचं गाव आहे, १५६५ साली स्पॅनिश लोकांनी वसवलेलं. तिथे खाडीच्या काठावर १६७२ ते १६९५ या काळात बांधलेला एक किल्ला आहे, कास्टिलो दे सान मार्कोस. शिंपल्यांचा चुरा निसर्गतःच एकमेकांना चिकटून 'कोकीना' नावाचा सच्छिद्र दगड बनतो, त्याच्या या भिंती. तोफगोळा आदळला तर भिंत फुटण्याऐवजी गोळा आत रुतून बसतो. मी गेलो तेव्हा अर्धा तास या भिंतींवरून हात फिरवण्यातच गेला (मटेरियल्सवर काम करणाऱ्या माणसाला किल्ल्यात सोडलं की असं होतं). बहुतेक पर्यटकही तोफा, खंदक आणि समुद्र बघून परततात. पण १८७५ ते १८७८ ही तीन वर्षं हा किल्ला तुरुंग होता आणि त्याचं तेव्हाचं नाव होतं फोर्ट मेरियन. इथे ठेवलेल्या कैद्यांचा मुलूख दीड हजार किलोमीटरहून दूर होता आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. आपल्या भाषेत याला एकच शब्द आहे, काळं पाणी.

हे लोक दक्षिणेकडच्या सपाट गवताळ मुलखातले. आजचं कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्ससचा उत्तर भाग, हा तो मुलूख. शायान, कायोवा, कोमांची, अरापाहो अशा जमाती इथे बायसनच्या कळपांवर जगत. मांस, तंबूचं कातडं, पांघरूण, हाडांची हत्यारं, सगळं त्या एका जनावरापासून. १८६७ च्या मेडिसिन लॉज करारात त्यांनी राखीव प्रदेशात राहायचं कबूल केलं, पण शिकारीचा हक्क त्यांच्याकडे राहिला. मग १८७१ च्या सुमारास बायसनचं कातडं कारखान्यात कमावायची नवी रीत निघाली. त्या काळी कारखान्यातली यंत्रं चामडी पट्ट्यांवर फिरत आणि त्या पट्ट्यांना हे जाड कातडं एकदम चांगलं. रेल्वेही दारात येऊन ठेपली होती. दोन-तीन वर्षांत गोऱ्या शिकाऱ्यांनी लाखो जनावरं मारली. कातडं सोलून नेलं आणि मांस माळावर कुजत टाकलं.

जून १८७४ मध्ये या जमातींनी टेक्ससमधल्या अडोबी वॉल्स या शिकाऱ्यांच्या ठाण्यावर हल्ला केला आणि युद्ध पेटलं. लष्कराने त्यांना लढाईत फार मारलं नाही, त्याची गरजच नव्हती. २८ सप्टेंबर १८७४ ला पालो ड्युरोच्या घळीत कर्नल मॅकेन्झीच्या फौजेने त्यांचे तळ जाळले आणि हजाराहून जास्त घोडे पकडून गोळ्या घालून मारले. हिवाळा तोंडावर. घोडा नाही, तंबू नाही, साठवलेलं मांस नाही. १८७५ च्या वसंतापर्यंत बहुतेक टोळ्या शरण आल्या.

आता शिक्षा कोणाला करायची? लष्कराला खटला चालवायचा होता. पण ज्या लोकांचं सरकार 'पालक' आहे त्यांच्याशी सरकारचं युद्ध होऊच शकत नाही, म्हणून लष्करी न्यायालयही बसवता येत नाही, असा कायदेशीर सल्ला मिळाला. मग खटल्याशिवायच धाडायचं ठरलं. शायान लोकांच्या ठाण्यावर एप्रिलमध्ये त्यांना रांगेत उभं करून 'गुन्हेगार' निवडायचं काम सुरू झालं. ते पुरं होण्याआधी अंधार पडू लागला. तेव्हा अधिकाऱ्याने रांगेच्या उजव्या टोकापासून सरळ अठरा माणसं मोजून काढली. नंतर नीट पाहून बदलू, असं ठरलं होतं. ते कधी झालं नाही. सॅम्पलिंगच्या चुका आम्ही रोज बघतो, पण त्यांची किंमत सहसा तीन वर्षं तुरुंगवास नसते.

असे एकूण ७२ कैदी. त्यांतले निम्म्याच्या आसपास शायान, त्यांच्या खालोखाल कायोवा. एक बाईही होती, मोची. १८६४ च्या सँड क्रीकच्या हत्याकांडातून ती वाचली होती आणि नंतर स्वतः लढू लागली होती. पायांत साखळदंड घालून या सगळ्यांना आधी गाड्यांतून, मग रेल्वेने आणि शेवटी आगबोटीने नेलं. वाटेत, फ्लोरिडाच्या हद्दीजवळ, ग्रे बिअर्ड नावाच्या शायान प्रमुखाने धावत्या गाडीच्या खिडकीतून उडी मारली. पहारेकऱ्यांनी त्याला गोळी घातली. २१ मे १८७५ ला बाकीचे किल्ल्यात पोचले.

ही तारीख वाचून मी थबकलो, कारण त्याच्या नऊच दिवस आधी, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली होती. दख्खनचे दंगे म्हणून आपण शाळेत शिकलो ते. शेतकऱ्यांचा रोख होता सावकाराच्या कागदांवर. खतं, रोखे, चोपड्या हिसकून त्यांनी जाळल्या. या दोन गोष्टींचा थेट संबंध नाही, पण मागचं एक कारण सामायिक आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, कर्जं वाढली आणि युद्ध संपताच भाव कोसळला. तेच युद्ध संपल्यावर इकडे अमेरिकेचं लष्कर पश्चिमेच्या जमातींकडे वळलं. एकीकडे वही जाळली गेली, दुसरीकडे वहीत चित्रं निघाली. दुसऱ्याने लिहिलेल्या हिशेबात आपण फक्त एक रकाना आहोत, हे मात्र दोघांनाही नीट कळलं होतं.

फोर्ट मेरियनचा तुरुंगाधिकारी होता लेफ्टनंट रिचर्ड हेन्री प्रॅट. विलक्षण माणूस. त्याने साखळदंड काढले, दमट कोठड्यांतून कैद्यांना बाहेर आणून किल्ल्याच्या वरच्या सपाटीवर शेड बांधून ठेवलं आणि पहारेकरी कमी करून कैद्यांचाच पहारा कैद्यांवर लावला. त्याच वेळी त्यांचे केस कापले, लष्करी गणवेश चढवला आणि इंग्रजी, बायबल, कवायत सुरू केली. गावातल्या बायका शिकवायला येत. प्रसिद्ध लेखिका हॅरिएट बीचर स्टोव येऊन वर्ग बघून गेल्या आणि त्यांनी त्यावर लिहिलंही. थंडीत उत्तरेतून येणाऱ्या पर्यटकांसाठी किल्ला ही बघायची जागा झाली. कैदी समुद्रातून वाहून आलेल्या बिया घासून चमकवत, मगरीचे दात विकत, पाहुण्यांना धनुष्यबाण शिकवत. आणि चित्रं काढत.

कागद, पेन्सिली, शाई आणि रंग प्रॅटच पुरवत असे. त्यामुळे फोर्ट मेरियनची बरीचशी चित्रं खरं तर कोऱ्या चित्रवह्यांत आहेत, जुन्या खतावण्यांत नाहीत. पण रीत तीच, म्हणून नावही तेच. एक वही साधारण दोन डॉलरला जायची. सव्वीसएक जणांनी चित्रं काढली. शायानांपैकी हाउलिंग वुल्फ, मेकिंग मेडिसिन, बेअर्स हार्ट, कोहो. कायोवांपैकी झोटॉम, वोहॉ, एटाडलेउ. बहुतेक तरुण होते.

ही कला त्यांना तुरुंगाने शिकवली नाही, हे इथे सांगायला हवं. या जमातींत पुरुष बायसनच्या कातड्यावर आपल्या पराक्रमाची चित्रं काढत आणि बायका भौमितिक नक्षी. कातडं मिळेनासं झालं आणि व्यापारी, शिपाई, सरकारी कारकून यांच्याकडून वह्या मिळू लागल्या, तेव्हा चित्रं कागदावर आली. कोलोरॅडोत १८६९ च्या समिट स्प्रिंग्जच्या लढाईनंतर शायान तळावर लष्कराला अशी एक भरलेली वही सापडली होती, ती आजही आहे.

मला या चित्रांत सगळ्यात जास्त आवडते ती त्यांची शिस्त. आम्हाला पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ड्रॉइंग असतं: वरून दिसणारं वेगळं, समोरून दिसणारं वेगळं, आणि दोन्हींची सरमिसळ केली की मास्तर कागद फाडत. शायान चित्रकार बिनदिक्कत सरमिसळ करतो आणि तरी काहीही संदिग्ध राहत नाही. तंबूंचं वर्तुळ वरून दिसतं तसं, पण त्यातला प्रत्येक तंबू समोरून. घोडा बाजूने, पण तो कुठून कुठे गेला हे खुरांच्या ठशांच्या माळेने. सुटलेली गोळी म्हणजे छोटी रेघ. रेघा मोजा, गोळ्या कळतील. युद्धाच्या प्रसंगात चित्राचा नायक बहुधा उजवीकडून डावीकडे जातो. घोड्याची शेपटी वर बांधलेली असेल तर स्वार लढाईला निघालाय. चेहरे जवळजवळ कोरे, कारण माणूस ओळखायचा तो ढालीवरून, केसांवरून, पोशाखावरून. आणि खात्री हवी असेल तर डोक्यावर त्याचं नावच चित्रात काढलेलं असतं. हाउलिंग वुल्फ म्हणजे ओरडणारा लांडगा. त्याच्या सहीत एक लांडगा आहे आणि त्याच्या तोंडातून आवाजाच्या रेघा निघतात.

एवढी काटेकोरी कशासाठी? तर पराक्रम सांगायचा तो साक्षीदारांसमोर, असा या लोकांचा दंडक होता. खोटं सांगणाऱ्याची नाचक्की ठरलेली. म्हणजे चित्र हा दस्तऐवज होता: कोण, कुठे, कोणाबरोबर, किती. मला तर वाटतं, खतावणीचा इतका योग्य वापर खुद्द कारकुनांनीही केला नसेल. हिशेबाच्या वहीत त्यांनी हिशेबच लिहिला. फक्त तो त्यांचा होता.

तुरुंगात विषय बदलले. गिऱ्हाईक गोरं, तुरुंगाधिकारी समोर, तेव्हा लढाया कमी झाल्या. त्याऐवजी शिकार, नाच, तळ हलवणं, एकाच घोंगडीत लपेटून उभे असलेले तरुण-तरुणी. आणि काही अगदी नवीन गोष्टी. रेल्वेगाडी, आगबोट, शहरं, शाळेचा वर्ग, बाकांवर ओळीने बसलेली गणवेशातली माणसं. झोटॉमने किल्ल्यात पोचल्याच्या दुसऱ्या दिवसाचं चित्र काढलं आहे. घोंगड्या पांघरलेली माणसं तटावर उभी आहेत. बेअर्स हार्टच्या एका चित्रात शायान तळासमोर सैन्य उभं आहे, शिपायांच्या रांगाच रांगा, अगदी एकसारख्या, आणि त्यांच्या बंदुकांतून सुटलेल्या रेघा तंबूंकडे निघाल्या आहेत. रंग इतके प्रसन्न की हे काय चाललंय ते कळायला एक क्षण जातो.

आणि वोहॉचं ते चित्र, १८७७ चं, जे आता सेंट लुईसमध्ये मिसुरी हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे. मधोमध एक माणूस, वर नाव: वोहॉ. एका बाजूला बायसन, दुसऱ्या बाजूला गाय. बायसनच्या बाजूला कळप आणि तंबू, गायीच्या बाजूला नांगरलेलं शेत आणि घर. त्याने दोन्ही हातांनी दोघांपुढे चिलीम धरली आहे. गोरे गाडीवान बैल हाकताना जे ओरडत त्यावरून या लोकांनी गुराढोरांना 'वोहॉ' म्हणायला सुरुवात केली होती, हे कळल्यावर चित्र आणखी खोल जातं. ज्याचं नावच गोऱ्यांच्या गुरांवरून पडलंय, तो बायसनला चिलीम देतोय.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, तुरुंग असा असेल तर बरा. प्रॅटलाही तेच वाटायला हवं होतं. त्याने या वह्या सेनापतींना, बिशपांना, सरकारी अधिकाऱ्यांना पाठवल्या. बघा, वर्षा-दोन वर्षांत माणसं किती बदलली! त्याच्या हिशेबी ही चित्रं म्हणजे यशस्वी प्रयोगाचे निकाल. पण प्रयोगात जे मोजलंच नाही ते निकालात येत नाही. या चित्रांत साखळदंड क्वचितच दिसतात. आजाराने गेलेले सोबती दिसत नाहीत. १८७६ मध्ये कायोवांनी आखलेला आणि उघडकीला आलेला पळून जाण्याचा बेत दिसत नाही. १८७७ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेसाठी एक शिल्पकार येऊन कैद्यांच्या डोक्यांचे प्लास्टरचे साचे घेऊन गेला, कवट्यांचा अभ्यास करायला, तेही दिसत नाही. एकच पान, पण हिशेब दोन. प्रॅट जमेच्या बाजूला लिहितोय 'सुधारले', आणि चित्रकार त्याच पानावर लिहितोय: हा आमचा तळ, ही ढाल अमक्याची, हा घोडा तमक्याचा. विसरलेलो नाही.

याचा पुरावा हवा असेल तर कॅन्ससमधल्या डॉज सिटीच्या तुरुंगातल्या वह्या बघाव्यात. १८७८ मध्ये उत्तर शायानांची एक मोठी टोळी राखीव प्रदेश सोडून उत्तरेला आपल्या मुलखाकडे चालत निघाली. जानेवारी १८७९ मध्ये नेब्रास्काच्या फोर्ट रॉबिन्सनमध्ये अडकवलेल्या लोकांनी कोंडवाडा फोडला आणि त्यांतले कितीतरी मारले गेले. वाचलेल्यांपैकी सात पुरुषांवर खुनाचे आरोप ठेवून त्यांना डॉज सिटीला आणलं. तिथे ना प्रॅट होता, ना शाळा, समोर फाशीची शक्यता. तरी त्यांनी वह्या भरल्या. प्राणी, पक्षी, शिकार आणि पुन्हा एका घोंगडीतले तरुण-तरुणी. ऑक्टोबर १८७९ मध्ये तो खटला काढून टाकण्यात आला.

फोर्ट मेरियनचे कैदी एप्रिल १८७८ मध्ये सुटले. मेकिंग मेडिसिन न्यूयॉर्क राज्यात शिकून १८८१ मध्ये ख्रिस्ती उपधर्मगुरू झाला, ओकरहेटर या नावाने १९३१ मध्ये मरेपर्यंत ओक्लाहोमात राहिला, आणि १९८५ मध्ये एपिस्कोपल चर्चने त्याला आपल्या संतांच्या यादीत घेतलं. त्याच्याबरोबरच दीक्षा घेतलेला झोटॉम पुढे चर्चपासून दूर गेला. बेअर्स हार्ट १८८२ मध्ये क्षयाने गेला. हाउलिंग वुल्फ घरी परतला, काही वर्षं गोऱ्यांच्या रीतीने राहून बघितलं आणि मग आपल्या लोकांच्या रीतीकडे वळला. १९२७ मध्ये तो मोटार अपघातात गेला. लढाईचा घोडा ते मोटारगाडी, एका आयुष्यात!

आणि प्रॅट? फोर्ट मेरियनच्या 'यशा'वर त्याने १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइलची निवासी शाळा काढली. आधी मोठ्यांवर केलेला प्रयोग आता मुलांवर. केस कापा, नाव बदला, आपली भाषा बोलायला बंदी. मुलातला इंडियन मारला की माणूस वाचतो, असं तो १८९२ च्या भाषणात उघड म्हणाला. गंमत म्हणजे तो स्वतःला या लोकांचा मित्र समजत असे आणि त्या काळच्या मानाने होताही. कार्लाइलच्या धर्तीवर देशभर शाळा निघाल्या. अमेरिकन सरकारच्याच २०२४ च्या अहवालाप्रमाणे अशा शाळांत किमान ९७३ मुलं दगावली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी जाहीर माफी मागितली. शायान भाषा आज बोलणारे थोडे आहेत आणि त्यांतले बहुतेक वयस्क. मी परदेशात स्वतः तिकीट काढून आलो, मराठीत लिहितो आणि मला कोणी अडवत नाही. त्यामुळे स्वतःशी तुलना करायचा मोह मी आवरतो. पण 'सुधारणा' हा शब्द कोणी फार खुशीत वापरला की हल्ली माझे कान टवकारतात.

या वह्यांचं एक शेवटचं दुर्दैव म्हणजे त्यांचे भाव वाढले. अख्ख्या वहीपेक्षा सुटी पानं विकण्यात फायदा, म्हणून दलालांनी कितीतरी वह्या फाडल्या. एका माणसाची सलग गोष्ट दहा शहरांतल्या दहा भिंतींवर गेली. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९९० च्या दशकापासून अशा वह्यांची पानं स्कॅन करून, मूळ क्रम लावून सगळ्यांना बघता येतील अशी ठेवायचं काम चाललं आहे. घरबसल्या, फुकट. सवड काढून जरूर बघा. बहुतेक पानांवरचा इंग्रजी मजकूर दुसऱ्याच कोणी लिहिला आहे, तो नंतर वाचला तरी चालेल. आधी उजवीकडून सुरुवात करा, खुरांचे ठसे धरून डावीकडे जा आणि घोड्याची शेपटी बघायला विसरू नका.